रिमोट काम करत जग फिरायचंय? मग तिकीट सगळ्यात शेवटी काढा

विशीत आहात, काम लॅपटॉपवर चालतं, डोक्यावर घराचा हप्ता नाही आणि मागे मुलांची शाळा नाही, तर जग फिरून घ्यायची वेळ हीच आहे, हे मी अगदी मनापासून सांगते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि गेली चार वर्षं हेच काम वेगवेगळ्या देशांत बसून करतेय. या काळात वाटेत भेटलेले कितीतरी जण दोन-तीन महिन्यांत थकून परत गेले, आणि त्यातल्या बहुतेकांचं एकच झालं होतं, आधी जागा आवडली, मग तिकीट काढलं, आणि कामाचं तिथे गेल्यावर बघू म्हणाले. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात ते इथे शब्दशः लागू आहे. माझा क्रम ठरलेला आहे, आधी कामाची परवानगी, मग घड्याळ, मग व्हिसा, मग राहायची जागा, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

ऑफिसला काय विचारायचं

रिमोट म्हणजे कुठूनही, असं धरून चालू नका. बऱ्याच कंपन्यांचं रिमोट म्हणजे घरून, आणि घर त्याच देशात. यात मॅनेजरचा हेकेखोरपणा नसतो, तुम्ही दुसऱ्या देशात बरेच महिने बसून काम केलंत तर तिथलं सरकार कंपनीकडे टॅक्स मागू शकतं, सोशल सिक्युरिटीचे पैसे मागू शकतं, शिवाय काही क्लायंटच्या कराराप्रमाणे त्यांचा डेटा देशाबाहेर उघडायलाच परवानगी नसते. म्हणून तोंडी "हो हो चालेल" वर जाऊ नका, मेलवर घ्या, त्यात देशाचं नाव, तारखा, कोणता लॅपटॉप आणि कामाचे तास हे सगळं येऊ द्या. न सांगता जायचं आणि व्हीपीएन लावून घरीच आहोत असं दाखवायचं, हे कृपा करून करू नका, लॉगिन कुठून झालं ते आयटीवाल्यांना दिसतं, आणि एकदा विश्वास गेला की नुसती ट्रिप नाही, नोकरी जाते.

पहिल्यांदा मागताना वर्षभराचं मागू नका. तीन आठवडे मागा, एकच देश, आणि त्या तीन आठवड्यांत एकही मीटिंग चुकवू नका. पुढच्या वेळी दोन महिने मागणं सोपं जातं, कारण तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असतं.

अजून एक, हे काहींना पटणार नाही. पहिलीच नोकरी लागून दोन-चार महिने झाले असतील तर एक वर्ष थांबा. त्या वर्षात सिनियरच्या शेजारी बसून जे कानावर पडतं, त्यांची स्क्रीन बघून जे समजतं, ते चॅटवर विचारून मिळत नाही. फ्रीलान्स करणाऱ्यांनी निदान दोन-तीन क्लायंट पक्के असल्याशिवाय आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवल्याशिवाय निघू नये, कारण एक क्लायंट गेला आणि तुम्ही परक्या देशात असाल तर मिळेल ते काम पडेल त्या दरात घ्यावं लागतं.

घड्याळ

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा, आणि लोक सगळ्यात कमी यावरच घालवतात. समुद्र कसा आहे, डोंगर कसा आहे हे सगळे बघतात, पण टीमचे सकाळचे नऊ म्हणजे तिथले किती, हे गणित कागदावर कोणी मांडत नाही.

टीम लंडनला आहे असं धरा. तुम्ही थायलंडमध्ये चिआंग माईला असाल तर लंडनचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात तुमचे दुपारचे ४, उन्हाळ्यात ३, कारण उन्हाळ्यात लंडनची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. म्हणजे अख्खी सकाळ तुमची, फिरा, पोहा, भाषेचा क्लास लावा, आणि दुपारनंतर कामाला बसा, रात्री अकरा-बाराला मोकळे. हे जमतं. तीच लंडनची टीम आणि तुम्ही मेक्सिको सिटीत, तर त्यांचे सकाळचे ९ म्हणजे तुमचे पहाटेचे ३, उन्हाळ्यात तर २. हे कोणाचंच जमत नाही, आठवडाभर उत्साहात निभावतं आणि मग माणूस दिवसा झोपतो आणि शहर बघतच नाही. टीम न्यूयॉर्कला असेल तर उलट होतं, कोलंबियातलं मेदेयीन मस्त, कारण हिवाळ्यात वेळ सारखीच आणि उन्हाळ्यात एका तासाचा फरक. लिस्बनही चालतं, दुपारी २ ला सुरू आणि रात्री १० ला बंद. पण चिआंग माईला बसून न्यूयॉर्कचं ऑफिस केलं तर रात्री ९ ते पहाटे ५, मग तिथल्या सुंदर सकाळी तुम्हाला फक्त पडद्याच्या फटीतून दिसणार.

यात एक खोच आहे, ती मला फार महागात पडली म्हणून नीट सांगते. घड्याळ पुढे-मागे करायच्या तारखा सगळीकडे एक नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत मागे आणताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा, नेहमी पाच तासांचा असलेला न्यूयॉर्क-लिस्बन फरक चारच तासांचा होतो. मी नेहमीप्रमाणे पाच तास धरून जॉइन झाले तेव्हा क्लायंटची मीटिंग संपत आली होती. मेक्सिकोने तर २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात घड्याळ बदलणंच बंद केलं, त्यामुळे तिथे तुम्ही काही न करता समोरच्यांची वेळ हलते. तेव्हापासून मी वेळेची बेरीज-वजाबाकी डोक्यात करत नाही, सगळ्या मीटिंगा कॅलेंडरमध्ये टीमच्या शहराच्या टाइमझोनने टाकते आणि फोनवर दोन घड्याळं ठेवते.

माझा नियम असा की काम रात्री बाराच्या पुढे जात असेल तर ती जागा यादीतून बाद, मग कितीही सुंदर असो.

व्हिसा

टुरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडून काम केलं तर चालतं का, हा प्रश्न सगळे विचारतात. खरं उत्तर असं की देशागणिक वेगळं आहे आणि बऱ्याच ठिकाणी कायद्यात ते काम धरलं जाऊ शकतं. न्यूझीलंडने जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर परदेशातल्या कंपनीचं रिमोट काम करायला सरळ परवानगी दिली, पण असं स्पष्ट लिहिलेले देश थोडे. म्हणून जिथे रिमोट काम करणाऱ्यांसाठी खास व्हिसा आहे आणि तुम्ही त्यात बसता, तिथे तोच काढा.

हे खास व्हिसे अगदी अलीकडचे आहेत. बार्बाडोस आणि एस्टोनियाने २०२० मध्ये सुरू केले, क्रोएशियाने २०२१ मध्ये, पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरात, स्पेनने २०२३ मध्ये. पोर्तुगालला महिन्याची कमाई तिथल्या किमान वेतनाच्या चौपट दाखवावी लागते. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा आणला, पण त्याला वर्षाला १ कोटी येन कमाई लागते, तो वाढवून मिळत नाही, आणि ठराविक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तरुण मुलांना त्यातल्या त्यात आवाक्यातला वाटतो तो थायलंडचा, जुलै २०२४ मध्ये आलेला डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा. तो पाच वर्षं चालतो, एका एंट्रीवर १८० दिवस राहता येतं, वय किमान २० लागतं आणि खात्यात ५ लाख बाट असल्याचं दाखवावं लागतं. नियम बदलत राहतात म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाची साइट स्वतः वाचा, कोणाच्या व्हिडिओवर विसंबू नका.

युरोपात टुरिस्ट म्हणून जाणार असाल तर शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा, हिशेब पाठ करा. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि हे सगळ्या २९ देशांचे मिळून, स्पेनमधून इटलीत गेलं की मीटर नव्याने सुरू होत नाही. आलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजतात. समजा १ जानेवारीला उतरलात आणि ३१ मार्चला निघालात, लीप वर्ष नसेल तर हे बरोबर ९० दिवस झाले. आता परत कधी येता येईल? ३० जूनला, कारण त्या दिवशी मागचे १८० दिवस मोजले की १ जानेवारी पहिल्यांदा बाहेर पडतो. त्याआधी एक दिवस जरी पाऊल टाकलंत तरी ओव्हरस्टे. पूर्वी शिक्के पुसट असायचे, अधिकारी पानं उलटून बोटांवर मोजायचे, पण ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद कॉम्प्युटरवर करायला त्यांनी सुरुवात केलीय, त्यामुळे चूक लपणार नाही. आणि हो, आयर्लंड आणि सायप्रस युरोपियन युनियनमध्ये असले तरी शेंगेनमध्ये नाहीत, तिथले दिवस यात धरत नाहीत.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी राहिली असेल तर आधी तो नवा करून घ्या. परतीचं किंवा पुढचं तिकीट विमानतळावर चेक-इनच्या काउंटरलाच मागतात, नसेल तर तिथेच घोडं अडतं.

टॅक्स वेगळा, व्हिसा वेगळा, हे दोन्ही एकत्र करू नका. राहायची परवानगी मिळाली म्हणजे टॅक्स माफ झाला असं नाही. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवस झाले की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्सपुरते तिथले रहिवासी, धरले जाऊ शकता, काही देश त्याहून कमी दिवसांतही धरतात. मी एक साधी शीट ठेवते, देश, आलेली तारीख, गेलेली तारीख, एकूण दिवस. वर्षाच्या शेवटी टॅक्सवाल्याने विचारलं की ती शीट पुढे करायची, बाकी काही आठवावं लागत नाही.

जागा आणि नेट

दुसऱ्याच ट्रिपमध्ये मी एक खोली महिनाभरासाठी आगाऊ पैसे भरून घेतली होती. जाहिरातीत फास्ट वायफाय लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, फक्त राउटर खालच्या मजल्यावर होता आणि मध्ये काँक्रीटचा जाड स्लॅब. फोनवर व्हिडिओ बघायला नेट पुरायचं, पण सोमवारी सकाळी मी स्क्रीन शेअर केली आणि समोर पंधरा जणांना माझा अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा गोठलेला चेहरा दिसत राहिला. तो महिना मी जिन्याच्या मधल्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन काढला, कारण सिग्नल तिथेच यायचा.

आता मी बुकिंगच्या आधी मालकाला दोन गोष्टी मागते. एक, जिथे टेबल आहे तिथे उभं राहून केलेल्या स्पीडटेस्टचा आजचा स्क्रीनशॉट. दोन, त्या टेबल-खुर्चीचा फोटो. स्क्रीनशॉटमध्ये लोक डाउनलोड बघतात, तुम्ही अपलोड बघा. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला जाताना-येताना साधारण ४ एमबीपीएस पुरतात, म्हणजे १० अपलोड असेल तर निवांत. त्याच्या शेजारी पिंग लिहिलेला असतो, म्हणजे सिग्नलला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, तोही बघा. रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे ऑफिसचा कॉम्प्युटर लांबून आपल्या स्क्रीनवर चालवून, काम करणाऱ्यांना स्पीडपेक्षा हा पिंग जास्त छळतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सर्व्हर १० हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागणारच, त्यात रस्त्यातले वळसे वेगळे. कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी हे कमी होत नाही, टाइप केलेलं अक्षर थोडं उशिराच उमटणार.

खुर्चीचं हसण्यावारी नेऊ नका. बारकी लाकडी खुर्ची किंवा पलंगावर आठ तास, असं महिनाभर केलं की पाठ बोलायला लागते आणि मग ट्रेक वगैरे सगळं राहतं. टेबल धड नसेल तर को-वर्किंगचा, म्हणजे भाड्याने बसता येणाऱ्या सामायिक ऑफिसचा, एक दिवसाचा पास घेऊन बघा, आवडलं तर महिन्याचा घ्या.

पहिल्या तीन-चार रात्रींचंच बुकिंग करा, बाकी तिथे जाऊन, खोली बघून, नळ सोडून बघून, खिडकीखाली बांधकाम चालू नाही ना ते पाहून ठरवा. महिन्याचा भाव रोजच्या भावापेक्षा बराच उतरतो आणि समोरासमोर बोलल्यावर अजून उतरतो. पोहोचल्या दिवशीच फोनचा हॉटस्पॉट लावून एक ट्रायल कॉल करा, कारण लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो, आणि नेमकी तेव्हाच मीटिंग असते.

ऋतू बघायला विसरू नका. चिआंग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळत असतात, धूर इतका साठतो की डोंगर दिसत नाहीत आणि घसा धरतो. बालीत साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस. लिस्बनचा हिवाळा बाहेर सौम्य असतो, पण जुन्या घरांमध्ये हीटिंग नसतं, आत बसून बोटं गारठतात आणि भिंतींना ओल येते, जाकीट घालून टायपिंग करावं लागतं.

ओटीपी, पैसे, बॅग

परदेशात माणूस हमखास अडकतो तो ओटीपीवर. स्वस्त डेटासाठी तिथलं ई-सिम घ्या पण बँकेत नोंदवलेलं जुनं सिम चालू ठेवा, निघण्यापूर्वी त्यावर रोमिंगमध्ये एसएमएस येतो का ते कंपनीला विचारून घ्या. जिथे शक्य आहे तिथे एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवा. फोन चोरीला गेला तर तो कागदच तुम्हाला मेलमध्ये परत घेऊन जातो.

कार्डं दोन, दोन बँकांची, दोन वेगळ्या बॅगांत. दुकानात किंवा एटीएमवर मशीन विचारतं, तुमच्या चलनात कापू की इथल्या? कायम इथल्या म्हणा, तुमच्या चलनात कापलं तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो.

कामाची अ‍ॅप त्या देशात चालतात का तेही आधी बघा. चीनमध्ये गूगल बंद आहे, म्हणजे जीमेल, ड्राइव्ह, मीट सगळंच. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही.

बॅगेबद्दल फार लिहीत नाही, कपडे कमी न्या एवढंच. पण लॅपटॉपच्या चार्जरवरची बारीक अक्षरं आत्ताच वाचा, १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरतो. हेअर ड्रायरवर बहुतेक वेळा एकच व्होल्टेज असतं, तो जपान-अमेरिकेत नीट तापत नाही आणि तिकडचा इकडे आणून लावला तर जळतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इन सामानात टाकायची नाही, आणि मर्यादा साधारण १०० वॉट-अवर, म्हणजे २० हजार एमएएचची बिनधास्त चालते.

तब्येत

इन्शुरन्स काढा आणि काढताना स्कूटरचं कलम शोधून वाचा. ऊन-वाऱ्याच्या गावात गेलं की सगळे स्कूटर भाड्याने घेतात, दुकानदार लायसन्स मागतही नाही, आणि पडल्यावर कळतं की त्या देशात चालणारं लायसन्स नसेल तर विमा कंपनी पैसे देत नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटसुद्धा दोन प्रकारचं असतं, १९४९ च्या करारातलं आणि १९६८ च्या. व्हिएतनाम १९६८ चं मानतो, १९४९ चं नाही, तेव्हा आपलं कुठलं आहे ते कव्हरवर बघून घ्या. रोजच्या गोळ्या असतील तर प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा आणि ती औषधं तिथे चालतात का ते तपासा, जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या औषधांनासुद्धा बंदी आहे.

किती दिवसांनी हलायचं

एका ठिकाणी निदान एक महिना. दर आठवड्याला गाव बदलणाऱ्याचं काम कच्चं होतं आणि फिरणंही होत नाही, कारण त्याचे सगळे मोकळे तास सामान भरण्यात, घर शोधण्यात आणि बस स्टँडवर जातात. प्रवास शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी करा म्हणजे सोमवारपर्यंत झोप थोडीफार भरून निघेल, पण शरीर घड्याळाशी साधारण दिवसाला एक तास या वेगानेच जुळतं, सहा तासांचा फरक असेल तर पहिल्या आठवड्यात मोठी डेडलाइन घेऊ नका.

आणि एकटेपणा येतो. हे कोणी फोटोत टाकत नाही म्हणून मी लिहितेय. साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो, नव्याची नवलाई संपलेली असते, टीम स्क्रीनवर असते, घरचे झोपलेले असतात आणि रविवारी दुपारी बोलायला कोणीही नसतं. मी यावर बरंच काही करून बघितलं, त्यात उपयोगी पडलं ते एकच, दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच माणसांमध्ये जायचं. भाषेचा क्लास असेल, बॅडमिंटन असेल, गायनाचा ग्रुप असेल. दुसऱ्या खेपेला लोक ओळखतात, तिसऱ्या खेपेला गेल्या वेळी का आली नाहीस म्हणून विचारतात. बल्गेरियातलं बान्स्को किंवा पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचं पोंता दो सोल, जिथे २०२१ मध्ये रिमोट काम करणाऱ्यांसाठी मुद्दाम गाव वसवायचा प्रयोग झाला, अशा ठिकाणी आपल्यासारखी माणसं पहिल्याच दिवशी भेटतात, आणि पहिली ट्रिप असेल तर मी अशीच जागा सुचवेन. फक्त तीही माणसं महिन्याभरात निघून जातात, म्हणून एखादी तरी ओळख तिथल्या कायमच्या राहणाऱ्याशी करा.

घरच्यांशी बोलायची वेळसुद्धा टीमच्या मीटिंगसारखी कॅलेंडरमध्ये टाका, वेळ मिळेल तेव्हा करते असं म्हटलं की आठवडे जातात. मी दर रविवारी आईला फोन करते, आणि नव्या गावाला पोहोचल्यावर तिथली वेळ धरून तो रिमाइंडर बदलणं हे सामान उघडायच्या आधीचं माझं पहिलं काम असतं.